घर आणि आरोग्य : वाटीभर दूध, पण मोजून



मेळघाटाच्या डोंगरांना लागून असलेल्या खकनार तहसिलीत एक प्रश्न पुष्कळ घरांपुढे उभा राहतो. मूल वाळत चाललेले असते. अंगणवाडीताई त्याच्या दंडाला फीत लावते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, किंवा दोन्ही पावलांना सूज दिसली, तर ते अतितीव्र कुपोषित समजावे. मूल आजारी असेल, त्याला सूज असेल वा ते खातच नसेल, तर त्याला आईसह पोषण पुनर्वसन केंद्रात चौदा दिवस ठेवण्यास डॉक्टर सांगतात. यावर घरची आजी म्हणते, “तिथे वाटीभर दूधच तर देतात; इथे पोटभर भाकरी तरी मिळेल!”

आजीचा कळवळा खरा आहे. परंतु हिशेब चुकतो. दीर्घ उपासाने मुलाचे हृदय, यकृत व आतडी मंदावलेली असतात. अशा देहावर एकाएकी भरपूर अन्नाचा भार घातला, तर रक्तातील क्षार झपाट्याने घटतात आणि हृदय बंद पडण्याचाही धोका संभवतो. म्हणून प्रथम दूध, साखर, तेल व कुरमुऱ्यांचे पीठ यांचा पातळ आहार, १०० मिलिलिटरला ७५ कॅलरी या प्रमाणात, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा देतात. सूज उतरून भूक परतली, की १०० कॅलरींचा आहार सुरू होतो. ते वाटीभर दूध म्हणजे औषधच होय. आणि औषध अर्ध्यावर सोडू नये, हे आपण सारे जाणतोच.

मोठ्यांचेही तसेच आहे. क्षयरोग्याला औषधाबरोबर आहारासाठी सरकार २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देत असे. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. फार कृश रुग्णास पहिले दोन महिने विशेष पूरक आहार देण्याचेही ठरले आहे. पण ज्या घरात चार तोंडे उपाशी आहेत, तेथे कोणता बाप आपली पुडी एकटा खाईल? झारखंडातील संशोधकांनी हे ओळखले व रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांनाही तांदूळ व डाळ दिली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, अधिक शिधा मिळालेल्या कुटुंबांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलेले आढळले.

यातून आम्हांस एकच गोष्ट सांगावयाची आहे. रुग्णाचा घास रुग्णालाच मिळावा असे वाटत असेल, तर त्याच्या घरची चूल विझता कामा नये. केंद्रातून आई पाचव्या दिवशी परतते, ती अडाणी म्हणून नव्हे. घरी धाकटी मुले असतात, शेतातली मजुरी बुडते. केंद्रात तिला थोडी रक्कम मिळते खरी. पण त्या रकमेने लेकरांच्या वेण्या घातल्या जात नाहीत, बकरीला पाणी मिळत नाही.

ते काम शेजाऱ्यांचे आहे. आपल्या गल्लीतील एखादी माता मुलाला घेऊन केंद्रात गेली, तर चौदा दिवस तिच्या मुलांचे ताट आपल्या घरी मांडावे. डॉक्टर अन्न मोजून देतील. आपण मात्र ते न मोजता द्यावे.