चित्रपटगृहे गेली, प्रेक्षकाचे काय?

पुण्याच्या मंडई परिसरात आर्यन किंवा मिनर्व्हा कोठे आहे असे विचारले, तर आज वाहनतळाकडे बोट दाखवले जाते. गंगाधरपंत पाठक यांनी १९१५ साली उभारलेले आर्यन हे पुण्यातील पहिले कायमस्वरूपी चित्रपटगृह. त्याचे नाव तेवढे स्कूटरी उभ्या करण्याच्या जागेला चिकटून राहिले आहे. मुंबईत याहून वेगळे घडलेले नाही. 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातील ज्या मॅजेस्टिकमध्ये झळकला, तेथे आता दुकानांचे संकुल आहे. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ज्या कॉरोनेशनमध्ये सर्वसामान्य लोकांपुढे आला, त्याचा तर मागमूसही उरलेला नाही. भारतीय चित्रपटसृष्टीचे जन्मस्थान म्हणून आपण ज्या शहराचा अभिमान बाळगतो, त्या शहराने तिचे पाळणे असे मोडीत काढले.

अशा गृहांच्या निधनानंतरचा एक विधी आता रूढ झाला आहे. अमुक चित्रपटगृह बंद होणार अशी वार्ता येते, वृत्तपत्रांतून आठवणींचे स्तंभ वाहू लागतात आणि एरवी ओस पडलेल्या प्रेक्षागृहात अखेरच्या खेळाला गर्दी लोटते. दादरचे चित्रा मे २०१९ मध्ये बंद झाले तेव्हा हळहळ झाली, आणि २०१४ च्या अखेरीस पुण्याच्या प्रभातचा भाडेपट्टा संपून १९३४ सालची ती वास्तू मूळ मालक किबे यांच्याकडे परत गेली तेव्हाही झाली. प्रस्तुत लेखकही हळहळणाऱ्यांतच मोडतो. परंतु अखेरच्या खेळाला आलेल्यांपैकी किती जणांनी त्याआधीच्या वर्षभरात तेथे तिकीट काढले होते, हा प्रश्न विचारला गेला तर बहुतेकांना खाली पाहावे लागेल. ज्या मध्यमवर्गाने बाल्कनीच्या तुटक्या खुर्च्यांना आणि स्वच्छतागृहांच्या दुर्गंधीला कंटाळून या गृहांकडे सर्वप्रथम पाठ फिरवली, त्याच मध्यमवर्गाच्या लेखणीतून आज त्यांचे मृत्युलेख उतरत आहेत.

हा सारा काळाचा महिमा, असे म्हणून विषय मिटवण्याची आपल्याकडे प्रथा आहे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांबरोबर रंगीत दूरचित्रवाणी आली, पाठोपाठ व्हिडिओ आला, उपग्रह वाहिन्या आल्या आणि आता चित्रपट हातातील फोनवर आला. हे खरे; परंतु अर्धेच खरे. उरलेले अर्धे शासनाच्या दप्तरात आहे. एकपडदा चित्रपटगृहांकडून सरकारने दशकानुदशके जबर करमणूक कर वसूल केला. मुंबईत त्याचा दर ४५ टक्के होता. खुर्च्या, वातानुकूलन, ध्वनियंत्रणा यांवर खर्च करण्याइतके मालकाच्या हाती काय उरणार, याचा विचार कोणी केला नाही. पुढे २००१ साली राज्य सरकारने बहुपडदा चित्रपटगृहांना उत्तेजन देण्याचे धोरण स्वीकारले आणि आरंभीच्या वर्षांत त्यांना याच करातून सूट दिली. म्हणजे एकाच गल्लीतील दोन दुकानांपैकी जुन्याने तिकिटामागे कर भरायचा आणि नव्याने काही वर्षे मोकळे राहायचे! अशा शर्यतीचा निकाल लागण्यास काळाच्या महिम्याची गरज नव्हती. पुढे फिल्मची रिळे जाऊन डिजिटल प्रक्षेपण आले, त्या यंत्रांचा नवा भुर्दंड पडला. आणि मार्च २०२० पासूनच्या महासाथीने, ज्यांची धुगधुगी उरली होती त्यांतील अनेकांना कायमचे निजवले. आता सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. निर्णय स्तुत्य आहे; मात्र शंभर रुपयांच्या आत तिकीट विकणारी गृहे मोठ्या प्रमाणावर बंद पडल्यानंतर तो आला.

या गृहांसमवेत नेमके काय गेले, हे नीट पाहिले पाहिजे. वास्तुशोभा गेली हे दुःख खरे असले तरी दुय्यम आहे. खरे नुकसान एका छपराखालच्या दरांच्या उतरंडीचे झाले. पिट, स्टॉल, बाल्कनी अशी ती उतरंड होती. तीत समता होती असे भाबडेपणाने म्हणण्याचे कारण नाही. बाल्कनीचा जिना निराळा असे आणि वरचे लोक खालच्यांच्या शिट्ट्यांना नाके मुरडीत. पण चित्रपट एकच, वेळ एकच, आणि 'शोले'तील गब्बरचा प्रवेश पिटातील हमालाला आणि बाल्कनीतील डॉक्टरला एकाच क्षणी दिसे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी लागलेला हा चित्रपट मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षांहून अधिक काळ चालला. केवळ वरच्या वर्गाच्या तिकिटांवर कोणताही चित्रपट इतका काळ तग धरीत नसतो. आज ते मिनर्व्हाही नाही.

मराठी चित्रपटाचा तर आधारच या खालच्या रांगांत होता. १९७१ साली दादरच्या कोहिनूरमध्ये 'सोंगाड्या' लागावा म्हणून दादा कोंडके यांच्यामागे शिवसेनेला उभे राहावे लागले. तो लागला आणि पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. त्या कोहिनूरच्या जागी आज मॉल आहे. गिरणगावातील भारतमाताने मराठी चित्रपटाला वर्षानुवर्षे आसरा दिला तो गिरणी कामगाराच्या खिशाच्या जोरावर. १९९१ च्या 'माहेरची साडी'ला ज्या स्त्रिया डोळे पुसत बाहेर पडल्या, त्यांपैकी अनेकींना आजच्या मॉलच्या सरकत्या जिन्यावर पाय ठेवण्याचे धैर्य झाले नसते, आणि दरपत्रक पाहून इच्छाही उरली नसती. वर्षातून चार आठवडे मराठी चित्रपट दाखवावा असा दंडक आहे, आणि २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सनी तो मोक्याच्या वेळी दाखवावा असा आग्रहही सरकारने धरला. परंतु खेळ मिळाला तरी त्याला येऊ शकणारा प्रेक्षक तिकिटाच्या दरानेच दाराबाहेर रोखलेला असेल, तर त्या खेळाचे करायचे काय?

मुंबईच्या इरॉसचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९३८ सालची ही आर्ट डेको वास्तू २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या समूहाचा भाग आहे. काही वर्षे बंद राहिल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये ती पुन्हा उघडली, याचा आनंदच आहे. पण सुमारे बाराशे आसनांच्या जागी तीनशेच्या आसपास आसनांचे महागडे दालन आले. दर्शनी भाग वाचला. स्वस्त तिकिटाची खिडकी मात्र वाचली नाही. उलट मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात १९९५ चा 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' आजही सकाळी लागतो, आणि चाळीस-पन्नास रुपयांच्या तिकिटावर स्थानक व एस.टी. आगाराच्या परिसरातील माणसे त्याला येऊन बसतात. त्यांच्यापैकी सारेच शाहरुख खानचे भक्त असतील असे नाही. काहींना पुढच्या गाडीपर्यंतचे तीन तास सावली हवी असते.

आता मुद्दा येतो तो नियमाचा. चित्रपटगृहाच्या जागेचा पुनर्विकास करताना तेथे, आसने कमी का होईना, चित्रपटगृह राखलेच पाहिजे, अशी अट मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत आहे. ती काढून टाकावी अशी एकपडदा गृहांच्या मालकांची जुनी मागणी आहे. तिच्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. वीस प्रेक्षकांसाठी आठशे खुर्च्यांचे दिवे लावण्याची सक्ती कोणत्याही व्यावसायिकावर करणे अन्याय्य आहे, आणि अटीमुळे अनेक गृहे ना चालू ना बंद अशा अवस्थेत केवळ कुजत पडली आहेत. परंतु अट सरसकट उठली, तर उरलेल्या जागाही दुकानांच्या आणि मनोऱ्यांच्या घशात जातील. शिवाय आजची अट आसनांची संख्या मोजते, त्या आसनांवर कोण बसणार हे विचारीत नाही. त्यामुळे ती पाळली गेली तरी पुनर्विकासातून बहुधा आणखी एक महागडे दालनच जन्माला येते.

नाटकासाठी हा प्रश्न आपण पूर्वीच सोडवला आहे. पुणे महापालिकेने १९६८ साली बालगंधर्व रंगमंदिर उभारले ते नफ्यासाठी नव्हे. केरळात तर राज्य चित्रपट विकास महामंडळ स्वतः चित्रपटगृहे चालवते. तेव्हा मालकाला पुनर्विकासाची मोकळीक द्यावी, वाढीव चटईक्षेत्रही द्यावे. पण त्याच्या मोबदल्यात दोन-तीनशे आसनांचे एक साधे, स्वच्छ प्रेक्षागृह महापालिकेच्या स्वाधीन व्हावे. त्याचे निम्मे खेळ मराठी चित्रपटांना मिळावेत आणि तिकिटाचा कमाल दर करारातच लिहिलेला असावा. मालकांच्या मागणीवर निर्णय घेताना नगरविकास खात्याने चटईक्षेत्राच्या तक्त्याशेजारी दराचा हा एक रकाना वाढवला, तरी पुष्कळ होईल.