छंद आणि हातभट्टी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने मध्यंतरी पत्रातून एक साधा प्रश्न विचारला. मिनेसोटातील घराच्या तळघरात त्याने बिअर तयार करण्याचा छंद मांडला आहे. त्याविषयी आईला लिहायला बसला आणि पहिल्याच वाक्यात अडला. या उद्योगाला मराठीत म्हणायचे काय? आम्ही भाषा शिकवणारी माणसे. पण आम्हांलाही चटकन आठवला तो एकच शब्द : हातभट्टी.

हा शब्द येथे दोन्ही अर्थांनी चुकतो. हातभट्टीत आंबवलेले रसायन तापवून त्याची वाफ थंड करून दारू गाळतात. बिअर केवळ आंबवतात, गाळत नाहीत. दुसरे असे की, या शब्दाला गुन्ह्याचा आणि मरणाचा वास आहे, आणि तो उगाच नाही. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून मराठी वाङ्मयात दारू म्हणजे संसाराची राखरांगोळी हे समीकरण दृढ आहे. मुंबईत मालवणी येथे २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. अशा समाजाने या विषयाकडे छंद म्हणून पाहावे, ही अपेक्षा सोपी नव्हे.

परंतु छंद आणि गुन्हा यांतील रेषा पिंपात नसते, कायद्यात असते. अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठली, तरी घरगुती बिअरला संघराज्याच्या कायद्याने मोकळीक मिळायला १९७८ साल उजाडले. अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्ये तर २०१३ पर्यंत थांबली. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आजही आहे आणि विनापरवाना दारू बनवणे हा गुन्हाच आहे. म्हणजे आमचा विद्यार्थी विमानात बसला आणि उतरला, एवढ्यात एका कृतीचे नाव बदलले.

नाव बदलले, शब्द मात्र मिळाला नाही. वास्तविक तो त्याच्या आईच्या स्वयंपाकघरातच होता. यवाचे मोड आणून वाळवलेले धान्य गरम पाण्यात भिजवणे, हॉप्स घालून तासभर उकळणे, निववून त्यात यीस्टचे विरजण लावणे, फसफसू देणे, गाळ खाली बसला की निवळ वरच्यावर काढून बाटल्यांत मुरत ठेवणे : यातला कोणता शब्द मराठीला नवा आहे? आंबवण्याचे शास्त्र आपल्या स्त्रियांनी इडली-आंबोळीपासून लोणच्यापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आहे. कमतरता शब्दांची नाही, ते तेथवर नेण्याच्या धिटाईची आहे.

स्थलांतराविषयीचे आपले बरेचसे लेखन मागे राहिलेल्या अंगणाभोवती घुटमळते. परक्या देशात माणूस नवे काही करायला शिकतो, त्याचे हात नव्या पदार्थांना सरावतात, हा अनुभव मराठीत उतरला नाही तर तो इंग्रजीत जाईल आणि मराठीच्या वाट्याला केवळ हुरहुर उरेल.

एक सावधगिरी मात्र हवी. मोहाची दारू गाळणाऱ्या आदिवासी बाईला कोणी छंदिष्ट म्हणत नाही; तिच्या दारी पोलीस येतात. तळघरातल्या पिंपासाठी नवा, स्वच्छ शब्द घडवताना जुन्या शब्दाचा सारा कलंक तिच्याच पदरी टाकला जाऊ नये. विद्यार्थ्याला आम्ही एवढेच कळवले : ‘आईला लिही, विरजण लावले आहे. पुढचे ती विचारील.’