जुने घड्याळ, नवी तबकडी

जुन्या एचएमटी घड्याळांची हौस सध्या वाढली आहे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरला ही घड्याळे तयार होऊ लागली. २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळे बनवणारी उपकंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. मागणी आली, तशी रंगरंगोटीही आली.

चावीचे 'जनता' घ्यायचे झाले तर काय पाहावे? केस झिजलेली आणि तबकडी मात्र कोरी करकरीत, तर शंका घ्यावी. अक्षरे पसरट, मिनिटांच्या रेषा वाकड्या असतील, तर ती पुन्हा रंगवलेली समजावी. झाकण उघडून यंत्र मूळचेच आहे ना, गंज नाही ना, हे पाहावे. चावी देऊन दिवसभरात ते किती मागेपुढे होते, तेही तपासावे.

माझे स्पष्ट मत असे, की यंत्राला तेलपाणी जरूर करावे. पिवळ्या पडलेल्या तबकडीला मात्र हात लावू नये. झाकणाच्या आत पुष्कळदा दुरुस्ती करणाऱ्यांनी कोरलेल्या बारीक खुणा सापडतात. ज्या घरांतून कॉलेजची पायरी चढणारे आपण पहिलेच, तिथे आजोबांच्या कष्टांची याहून दुसरी कोणती नोंद आहे? गरज पडली तर घड्याळ खुशाल विकावे. पण आहे तसे दाखवून विकावे. रंग फासला, की घेणारा फसतो आणि आपलीही नोंद पुसली जाते.