फोटोतली चिमी

चिमीचा पासपोर्ट काढला तेव्हा ती चार महिन्यांची होती. नुकतेच जावळ काढलेले, त्यामुळे फोटोत डोके कसे तुळतुळीत! मुलांच्या पासपोर्टाला ५ वर्षांची मुदत असते, म्हणून मी निर्धास्त होते. २००३ साली आम्ही दोघी सिंगापूरला निघालो.

विमानतळावर खिडकीमागचे गृहस्थ एकदा फोटोकडे पाहत, एकदा दोन वेण्यांच्या साडेचार वर्षांच्या चिमीकडे.

"नाव काय, बाळ?"

"चिमी."

पासपोर्टात मात्र बारशाचे भारदस्त नाव! माझ्या पोटात गोळा आला. चिमीचे बाबा सव्वा वर्षापासून तिकडे. इथूनच परत फिरावे लागले तर?

निघताना सासूबाईंनी जन्माचा दाखला आणि चारही वाढदिवसांचे फोटो पिशवीत कोंबले होते. "कशाला हे ओझे?" म्हणून मी कुरकुरले होते. त्या गृहस्थांनी ते फोटो ओळीने मांडले, हनुवटीवरचा तीळ ताडून पाहिला आणि हसून शिक्का मारला. "चेहरा इतका बदलला की मुदत संपायची वाट पाहू नये, बाई."

तेव्हा मैत्रिणींनो, नवा पासपोर्ट काढायचा तर व्हिसाच्या आधीच काढा. त्याचा क्रमांक निराळा असतो. आणि सासूबाईंचे ओझे नाकारू नका!

सिंगापूरला उतरलो. ह्यांनी दाढी राखलेली! चिमी माझ्या पदराआड दडली आणि कुजबुजली, "आई, हे फोटोतले बाबा नाहीत."

आता ह्यांचा तीळ कुठे शोधू?