विश्लेषण : जुन्या अणुभट्टीचे शेजारी

जर्मनीतील आखन शहरात १ सप्टेंबर २०१७ पासून प्रशासनाने आयोडीनच्या गोळ्या वाटायला सुरुवात केली. ऑनलाइन अर्ज करायचा, मिळालेला कागद छापून औषधाच्या दुकानात न्यायचा आणि गोळ्या घरातल्या कपाटात ठेवून द्यायच्या. ४५ वर्षांपर्यंतचे नागरिक, गर्भवती आणि स्तनदा माता यांच्यासाठी ही योजना होती. शहरात कसली साथ नव्हती. अणुवीज केंद्रही आखनमध्ये नाही. ते आहे सीमेपलीकडे बेल्जियममध्ये, सुमारे ६५ किलोमीटरवर, तिआंज या गावी. ते चालवायचे की बंद करायचे याबाबत आखनच्या नागरिकाला मत नव्हते. अपघात झालाच तर वारा मात्र बहुतेक दिवस पश्चिमेकडूनच येणार होता. गोळ्या वाटणे हा सावधगिरीचा उपाय होता, तसा तो निषेधही होता.

तिआंजमध्ये नेमके काय सापडले?

म्यूज नदीच्या काठी, उई या छोट्या शहराला लागून असलेल्या या केंद्रात तीन अणुभट्ट्या. पहिली १९७५ची, दुसरी १९८३ची, तिसरी १९८५ची. वादात सापडली ती दुसरी. २०१२च्या उन्हाळ्यात आधी अँटवर्पजवळच्या दूल केंद्रातील तिसऱ्या अणुभट्टीची अल्ट्रासाउंड तपासणी झाली. अस्तराखाली भेगा आहेत का, हे पाहायचे होते. तशा भेगा मिळाल्या नाहीत. पोलादाच्या आत खोलवर भलतेच काही दिसले. हजारो बारीक चिरा. दोन्ही अणुभट्ट्यांची पात्रे एकाच डच कंपनीने घडवलेली, म्हणून तिआंज-२ची तपासणी झाली आणि तिथेही तेच निघाले. पुढे अधिक काटेकोर मोजणीत दूल-३मध्ये १३,०४७, तर तिआंज-२मध्ये ३,१४९ चिरा नोंदवल्या गेल्या.

चिरा हा शब्द ऐकताच डोळ्यांसमोर भिंतीला गेलेला तडा येतो. हे प्रकरण तसे नाही. पोलाद घडवताना त्यात अडकलेला हायड्रोजन वेळीच बाहेर काढला नाही तर थंड होताना धातूच्या पोटात चपट्या पापुद्र्यांसारख्या पोकळ्या राहतात. त्या पात्राच्या पृष्ठभागाला जवळपास समांतर होत्या, सरासरी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरच्या. पात्राची भिंत २० सेंटीमीटर जाडीची. आतला दाब त्यांना उघडण्याऐवजी जवळपास बंदच ठेवतो, हा कंपनीचा मुख्य युक्तिवाद होता आणि तो खोटा नव्हता. प्रश्न वेगळा होता : हे दोष जन्मापासूनचे होते, तर १९८३ मध्ये प्रमाणपत्र देताना ते कुणाला दिसले कसे नाहीत? आणि तीस वर्षांत ते वाढले नाहीत हे कशावरून?

अणुभट्टीचे ‘वय होणे’ म्हणजे काय?

अणुवीज केंद्रातील जवळपास सगळे बदलता येते. पंप, तारा, नियंत्रण कक्षातील यंत्रणा, वाफ तयार करणारी अजस्र उपकरणेसुद्धा. बदलता येत नाही ते इंधन ज्यात बसते ते पोलादी पात्र. त्यावर वर्षानुवर्षे न्यूट्रॉनचा मारा होतो आणि पोलाद हळूहळू ठिसूळ होते. गरम असताना ते लवचीक असते, पण ज्या तापमानाखाली ते काचेसारखे वागू लागते ते तापमान वयाबरोबर वर चढत जाते. आता समजा, एखादी नळी फुटली आणि आपत्कालीन यंत्रणेने तापलेल्या पात्रात गार पाणी सोडले. तापलेल्या काचेच्या ग्लासात फ्रिजमधले पाणी ओतल्यावर काय होते, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुणालाही सांगायला नको. अणुभट्टीच्या बाबतीत हे पात्र फुटणे हा असा अपघात आहे, ज्यासाठी दुसरी संरक्षक यंत्रणाच नाही. तो होणारच नाही, या गृहीतकावर बाकी सगळे उभे असते. म्हणून तर त्या पोलादात ठिसूळपणाच्या जोडीला हजारो चिरा असणे, ही बातमी लोकांनी हसण्यावारी नेली नाही.

नियामकांनी काय केले?

दोन्ही अणुभट्ट्या थांबवल्या गेल्या, अभ्यास झाले, २०१३च्या मे महिन्यात परवानगी मिळाली. मार्च २०१४ मध्ये त्या पुन्हा थांबल्या, कारण प्रयोगशाळेत किरणांचा मारा केलेल्या नमुना पोलादाने अपेक्षेपेक्षा अधिक ठिसूळपणा दाखवला. नोव्हेंबर २०१५ मध्ये बेल्जियमच्या अणुनियंत्रण संस्थेने पुन्हा हिरवा कंदील दाखवला. या सगळ्यात एक उपाय लक्षात ठेवण्यासारखा : आपत्कालीन थंडाव्याचे पाणी आता आधीच सुमारे ४० अंशांपर्यंत तापवून ठेवले जाऊ लागले, म्हणजे ग्लासला धक्का कमी बसेल. अभियंत्यांच्या दृष्टीने हा साधा, शहाणा उपाय. सामान्य माणसाने मात्र तो ऐकला आणि विचारले, सगळे ठीक आहे तर पाणी का तापवता?

जर्मनीच्या तत्कालीन पर्यावरणमंत्री बार्बरा हेन्ड्रिक्स यांनी एप्रिल २०१६ मध्ये या दोन अणुभट्ट्या तात्पुरत्या बंद ठेवण्याची विनंती केली. बेल्जियमने ती मानली नाही. गंमत अशी की २०१८ मध्ये खुद्द जर्मनीच्या अणुभट्टी सुरक्षा आयोगानेच त्या बंद ठेवण्याइतका पुरावा नसल्याचे म्हटले.

मग लोक का ऐकेनात?

२५ जून २०१७ रोजी तिआंजपासून लिएज, मास्त्रिख्तमार्गे आखनपर्यंत सुमारे ९० किलोमीटरची मानवी साखळी उभी राहिली. तीन देशांतील सुमारे ५० हजार माणसे हातात हात धरून. ‘अडाणी जनता आणि जाणते तज्ज्ञ’ ही सोपी विभागणी इथे लागू पडत नाही. आखन हे तंत्रविद्यापीठाचे शहर आहे. साखळीत उभ्या असलेल्यांपैकी अनेकांना धातूचा ठिसूळपणा म्हणजे काय हे शिकवायची गरज नव्हती. आखनच्या जिल्हा प्रशासनाने बेल्जियमच्या न्यायालयातही दाद मागितली. २०२० मध्ये ती फेटाळली गेली.

विरोधाचे मूळ चिरांच्या आकड्यात कमी आणि क्रमात अधिक होते. आधी सांगितले गेले, पात्र निर्दोष आहे. मग, दोष आहेत पण निरुपद्रवी आहेत. मग, नमुना चाचणी विपरीत आली, पण तो नमुनाच वेगळा होता. यातले प्रत्येक विधान त्या-त्या वेळच्या माहितीनुसार प्रामाणिक असू शकते. तरी तीनदा खुलासा बदलणाऱ्या माणसाकडून कुणी सेकंडहँड गाडीही घेत नाही. त्यातच केंद्र चालवणारी कंपनी, पुरावे तयार करणारी कंपनी आणि केंद्र चालू राहिल्यास कमावणारी कंपनी एकच होती. नियामक स्वतंत्र असला तरी त्याच्यापुढे येणारे मूळ आकडे तिचेच. तज्ज्ञ चुकले होते असे म्हणायला आधार नाही. बहुधा ते बरोबरच होते. पण बरोबर असणे आणि विश्वासार्ह वाटणे यांतले अंतर अहवालांच्या पानांनी भरत नाही.

आखनचे हात स्वच्छ होते?

पूर्णपणे नाही. आखनच्या अगदी जवळ वाइसवाइलर येथे लिग्नाइट जाळणारे मोठे वीज केंद्र आहे आणि ऱ्हाइनलँडच्या खाणींनी गावेच्या गावे गिळली आहेत. तिथला धूर संभाव्य नाही, रोजचा आहे. शिवाय जर्मनी स्वतःची अणुकेंद्रे बंद करत असताना लिंगेन येथील कारखान्यातून बेल्जियमच्या याच अणुभट्ट्यांसाठी इंधन पाठवले जात होते आणि त्याचे परवाने जर्मन सरकारच देत होते. एका हाताने शेजाऱ्याला चूल विझवायला सांगायची आणि दुसऱ्या हाताने लाकडे पुरवायची, असा हा प्रकार. हे कबूल करूनही आखनकरांचा मूळ प्रश्न शिल्लक राहतोच : धोका ज्यांच्या वाट्याला येऊ शकतो त्यांना निर्णयात जागा कोणती?

शेवट काय झाला?

तिआंज-२ जानेवारी २०२३च्या अखेरीस बंद झाली. चिरांमुळे नाही आणि मानवी साखळीमुळेही नाही. बेल्जियमच्या २००३च्या कायद्यानुसार तिची चाळीस वर्षे भरली, इतकेच. दूल-३ त्याआधीच, सप्टेंबर २०२२ मध्ये थांबली होती. दरम्यान रशियाने युक्रेनवर हल्ला केला, वायूचे दर भडकले आणि अणुऊर्जेला निरोप द्यायला निघालेल्या बेल्जियमने दूल-४ आणि तिआंज-३ या अणुभट्ट्यांना दहा वर्षांची मुदतवाढ देण्याचे ठरवले. मे २०२५ मध्ये तर अणुऊर्जेतून बाहेर पडण्याचा कायदाच संसदेने रद्द केला.

तारापूरचे काय?

तिआंज-२ ‘जुनी’ म्हणून युरोपात रान उठले. पालघर जिल्ह्यातील तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या तिच्याहून चौदा वर्षांनी मोठ्या आहेत. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या रचनेच्या या अणुभट्ट्यांतून ऑक्टोबर १९६९ पासून व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली. फुकुशिमाची पहिली अणुभट्टी त्यानंतरची, १९७१ची. मूळ क्षमता प्रत्येकी २१० मेगावॅट. पुढे वाफनिर्मितीतील बिघाडांमुळे ती १६० वर आणावी लागली. १९७४च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने इंधनाबाबत हात आखडता घेतला, तेव्हा फ्रान्स, मग चीन, मग रशिया असे करत या अणुभट्ट्या चालवल्या गेल्या. हे आपल्या अभियंत्यांचे कर्तृत्वच. २००५-०६ मध्ये आपत्कालीन यंत्रणा मोठ्या प्रमाणात सुधारल्या गेल्या, फुकुशिमानंतर आणखी भर पडली. २०२० मध्ये दोन्ही अणुभट्ट्या थांबल्या आणि पाणी फिरवणारे मुख्य पाइप बदलण्यासह मोठे नूतनीकरण हाती घेतले गेले. हेतू त्या मोडीत काढण्याचा नव्हता, आणखी चालवण्याचा होता.

पाइप बदलले हे उत्तमच. पण तिआंजने शिकवलेला प्रश्न पाइपांचा नाही, पात्राचा आहे. अर्धशतक न्यूट्रॉन झेललेल्या त्या पोलादाची आजची स्थिती काय, त्याच्या नमुना चाचण्यांचे निकाल काय, ते कुणी पडताळले, हे पाचमार्ग-घिवलीच्या मच्छीमाराला कळेल अशा मराठीत कुणी सांगायचे? अणुऊर्जा नियामक मंडळाचे माजी अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांच्या काळात, १९९५ मध्ये, देशातील अणुप्रकल्पांतील सुमारे १३० सुरक्षाविषयक त्रुटींचा अहवाल तयार झाला आणि तो गोपनीय राहिला. महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये या मंडळाच्या स्वायत्ततेवर बोट ठेवले. अणुऊर्जेचे दार खासगी क्षेत्राला उघडणारा ‘शांती’ कायदा डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मंजूर झाला, त्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला. दर्जा मिळाला, सवय बदलते का, ते दिसायचे आहे.

परिसरही १९६९चा राहिलेला नाही. बोईसरची औद्योगिक वसाहत केंद्रानंतर वाढली. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा लोक थंडीत घराबाहेर झोपले. केंद्राच्या उत्तरेला याच किनाऱ्यावर वाढवण बंदर होऊ घातले आहे. तारापूरच्याच तिसऱ्या-चौथ्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, त्यांच्या पुनर्वसनाचे भांडण न्यायालयापर्यंत गेले. इथल्या माणसाने अणुकेंद्राविषयी शंका काढली की त्याला ‘विकासविरोधी’ म्हणणे सोपे आहे. त्याच्या शंकेमागे पोफरणची आठवण असते.

केंद्राभोवतीच्या १६ किलोमीटरच्या टापूसाठी आपत्कालीन आराखडा असतो आणि कुंपणाबाहेरची जबाबदारी जिल्हा प्रशासनाची. ऑगस्ट २०१४ मध्ये पालघर ठाण्यापासून वेगळा झाला, तशी ती नव्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आली. ठरावीक काळाने सरावही होतात. आखनमध्ये मात्र गोळी आधीच घरच्या कपाटात आहे. बोईसर स्थानकावर सकाळी उतरणाऱ्या, भाड्याच्या खोलीत चौघांत राहणाऱ्या, इथल्या मतदारयादीत नाव नसलेल्या परप्रांतीय कंत्राटी कामगाराला ती कोण देणार, कुठल्या भाषेत समजावणार आणि त्या वेळी तारापूर-बोईसर रस्त्यावर कंटेनरची रांग असेल तर त्याने कुठल्या दिशेने जायचे, हे त्याला आज विचारून पाहावे.