पाटी कोणाची, पत कोणाची?

— बी. कॉम. भाग २ चा एक विद्यार्थी

जून २०२० चा शेवटचा आठवडा होता. टाळेबंदी नुकतीच सैल झाली होती आणि मी बाबांबरोबर सौंसरहून पांढुर्ण्याला गेलो होतो. तेथील बाजारात माझ्या मामांचे मोबाईलचे लहानसे दुकान आहे. दुकानावरची शाओमी कंपनीची नारिंगी पाटी त्या दिवशी दिसत नव्हती. तिच्यावर जुन्या चादरीचे पांढरे कापड ताणून बांधले होते आणि कापडावर रंगाने लिहिले होते, ‘मेड इन इंडिया’. आत काचेच्या कपाटात मात्र कालचेच फोन कालच्याच जागी होते.

“काऊन झाकली मामाजी?” मी विचारले.

“माल तोच आहे बाबू,” मामा म्हणाले, “पाटी झाकली म्हणजे दगड येत नाही.”

मी तेव्हा नववीत होतो. त्या उत्तराचे मला हसू आले होते. आज वाणिज्य शाखेत दुसऱ्या वर्षाला असताना त्याच उत्तराचा विचार करतो, तेव्हा हसू येत नाही. त्या एका वाक्यात राजकारण, बाजार आणि लोकांचा विश्वास या तिन्ही गोष्टी आल्या होत्या. विद्यार्थी मित्रांपुढे त्यांचाच हिशेब मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

आमचा मुलूख मध्यप्रदेशात मोडतो. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. घरात मराठी, कचेरीत हिंदी ही आमची रीत. बाजारातल्या पाट्या हिंदीत, पण घासाघीस मराठीत. त्यामुळे पाटीवर काय लिहिले आहे यावरून दुकानदार कोण हे ठरत नाही, एवढे आम्हाला लहानपणीच कळते. या अंकाच्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही विभागांच्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

मामांनी कापड बांधले ते काही एकट्याच्या मनाने नव्हे. १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीत आपले २० जवान हुतात्मा झाले. देशभर संताप उसळला. २९ जूनला सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली आणि त्या यादीत शाओमीचीही दोन होती. मोबाईल विक्रेत्यांच्या अखिल भारतीय संघटनेने कंपन्यांना पत्र लिहून दुकानांवरच्या पाट्या झाकू द्या अशी विनंती केली. शाओमीने आपल्या दुकानांवर ‘मेड इन इंडिया’चे फलक चढवले.

आता हा फलक खोटा होता का? पूर्ण खोटा म्हणता येत नाही. ऑगस्ट २०१५ पासून आंध्रप्रदेशातील श्री सिटी येथे फॉक्सकॉनच्या कारखान्यात शाओमीचे फोन जोडले जात होते. तेथे काम करणारे हात भारतीयच होते. पण मालकी चीनची होती आणि निर्णयही तिकडचे होते. म्हणजे फलक अर्धा खरा होता. व्यवहारात अर्धे सत्य फार उपयोगी पडते. मात्र त्यावर फार दिवस निभत नाही.

लोकांच्या रागाचा विक्रीवर काय परिणाम झाला? भाषणे ऐकून वाटले असते की कंपनी बुडाली. प्रत्यक्षात २०२० या संपूर्ण वर्षात भारतात सर्वांत जास्त स्मार्टफोन शाओमीचेच खपले. तिने पहिला नंबर गमावला तो २०२२ च्या शेवटच्या तिमाहीत, सॅमसंगपुढे. आणि २०२४ साली पहिल्या नंबरावर कोण आले? व्हिवो! तीही चिनीच कंपनी. याच व्हिवोला २०२० मध्ये आय.पी.एल.च्या प्रायोजकपदावरून बाजूला व्हावे लागले, २०२१ मध्ये ती परत आली आणि २०२२ पासून तेथे टाटांचे नाव लागले. ग्राहक रागामुळे दूर गेला असता, तर तो एका चिनी दुकानातून निघून दुसऱ्या चिनी दुकानात शिरला नसता.

यावरून कोणी म्हणेल की आपले लोक ढोंगी आहेत. मला तसे वाटत नाही. आमच्या घरचेच उदाहरण देतो. २०१९ च्या दिवाळीत आंबिया बहाराच्या संत्र्याचे पहिले पैसे हाती आले, तेव्हा बाबांनी रेडमीचा फोन घेतला. पुढच्या वर्षी शाळा बंद झाली. आमच्या मराठी शाळेचे गुरुजी फळ्यावरच्या गणितांची छायाचित्रे त्याच फोनवर पाठवीत. मी आणि माझी धाकटी बहीण पाळीपाळीने तो फोन घेऊन बसत असू. गल्लीतली मोठी मुले “चिनी फोन फोडा” म्हणत फिरली, तेव्हा बहिणीने तो पिठाच्या डब्यामागे लपवला होता. तो फोन फुटला असता तर चीनचे काय बिघडले असते? त्याचे पैसे कंपनीला कधीच पोचले होते. आमची मात्र नववी आणि सहावी बुडाली असती.

आता पत म्हणजे काय ते पाहू. जमाखर्चाच्या पुस्तकात आपण ‘ख्याती’ शिकतो. ती डोळ्यांना दिसत नाही, पण धंद्याची किंमत वाढवते. नियम असा की स्वतः कमावलेली ख्याती ताळेबंदात दाखवता येत नाही. विकत घेतलेलीच दाखवता येते. शाओमीने जुलै २०१४ मध्ये भारतात विक्री सुरू केली ती इंटरनेटवरून, आणि कमी किमतीत चांगला फोन देऊन तिने झपाट्याने गिऱ्हाईक जोडले. पण किमतीवरचा विश्वास आणि कंपनीवरचा विश्वास ही दोन निरनिराळी खाती आहेत. पहिल्या खात्यात तिची शिल्लक भरपूर होती. दुसऱ्या खात्यात किती, हे पाहण्याची वेळ आली तेव्हा सारेच गोंधळले.

हे दुसरे खाते माहितीचे आहे. आपला फोन आपल्याविषयी काय काय जाणतो आणि ते कोणाला सांगतो? सप्टेंबर २०२१ मध्ये लिथुआनियाच्या सायबर सुरक्षा केंद्राने शाओमीच्या एका फोनमध्ये काही राजकीय शब्द गाळण्याची सोय दडलेली आहे असे सांगून लोकांना सावध केले. कंपनीने आरोप नाकारला. जर्मनीच्या सरकारी संस्थेने स्वतंत्र तपासणी केली आणि जानेवारी २०२२ मध्ये सांगितले की कारवाई करण्याजोगे काही आढळले नाही. एकाच प्रश्नावर दोन देशांचा सूर निराळा होता. आमच्यासारख्या सामान्य ग्राहकाला फोन उघडून पाहता येत नाही. त्याच्यासाठी ती झाकली मूठच. ती सव्वा लाखाची की रिकामी, हे तपासून सांगणारा कोणी तरी विश्वासाचा माणूस लागतो. तो माणूस म्हणजे कायदा.

कायदा कसा चालला तेही पाहू. अमेरिकेने जानेवारी २०२१ मध्ये शाओमीला चिनी लष्कराशी संबंधित कंपन्यांच्या यादीत घातले. कंपनी न्यायालयात गेली. मार्चमध्ये न्यायाधीशांनी सरकारचा हात रोखला आणि मे महिन्यात नाव यादीतून निघाले. चार महिन्यांत एक बाजू लागली.

आपल्याकडे एप्रिल २०२२ मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने शाओमीच्या भारतीय शाखेचे ५,५५१ कोटी रुपये परकीय चलन कायद्याखाली जप्त केले. रॉयल्टीच्या नावाखाली पैसा बेकायदा परदेशी पाठवला, हा आरोप. रॉयल्टी रीतसर होती, हे कंपनीचे म्हणणे. प्रकरण बेंगळूरला कर्नाटक उच्च न्यायालयात गेले. याच न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये, आयकर खात्याने गोठवलेल्या ३,७०० कोटींच्या वेगळ्या प्रकरणात, काही अटी घालून खात्याचा आदेश रद्द केला. एप्रिल २०२३ मध्ये जप्तीच्या प्रकरणात मात्र कंपनीची याचिका फेटाळली. चार महिन्यांत एक निकाल कंपनीच्या बाजूने आणि एक विरुद्ध. मला यात न्यायालयाची धरसोड दिसत नाही. कंपनीचे राष्ट्रीयत्व न पाहता समोरचा कागद पाहिला गेला, असेच दिसते. पण जून २०२३ मध्ये, म्हणजे जप्तीला वर्ष उलटून गेल्यावर, त्याच रकमेबाबत कारणे दाखवा नोटीस निघाली. एवढ्या काळात मामांच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाने काय समजावे? कंपनी चोर की साव?

वसतिगृहातला माझा एक मित्र या लेखाचा कच्चा खर्डा वाचून चिडला. तो म्हणाला, “वीस जवान गेले आणि तू ताळेबंद मांडतोस?” त्याचा प्रश्न मला लागला. त्याला उत्तर दिल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही.

माझे उत्तर असे. शत्रुत्व दाखवणाऱ्या देशाच्या कंपनीला कोठे येऊ द्यायचे आणि कोठे नाही, हे ठरवण्याचा सरकारला पूर्ण अधिकार आहे. एप्रिल २०२० मध्ये, गलवानच्याही आधी, शेजारी देशांतून येणाऱ्या भांडवलाला सरकारी परवानगीची अट लागली होती. ती मला रास्त वाटते. ती लेखी आहे, सर्वांना वाचता येते आणि तिच्याविरुद्ध दाद मागता येते. पण बाजारातल्या रागाला कलम नसते आणि अपीलही नसते. त्याचा दगड कंपनीपर्यंत पोचतच नाही. तो पाटीवर पडतो, आणि पाटीखाली बसलेला असतो आमचा मामा. जवानांच्या बलिदानाची किंमत एका चादरीच्या कापडाने चुकती होते असे मानणे हाच मला त्यांचा अपमान वाटतो.

पांढुर्ण्याच्या माणसाला दगडाचे नवल नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव उभे राहते, मध्ये पळसाचे झाड असते आणि गोटमार होते. दगड कोणी मारला आणि कोणाला लागला याचा मेळ तेथे कधी बसत नाही. बाजारात तरी हा मेळ बसला पाहिजे.

म्हणून मागणी करायची तर नेमकी करू. कोणत्याही देशाचा फोन असो, त्याच्या तपासणीचा निष्कर्ष लोकांच्या भाषेत जाहीर व्हावा. खटल्यांना मुदत असावी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम निघायला नोव्हेंबर २०२५ उजाडले. निदान आता तो मराठीतून आणि कन्नडमधून आपल्यापर्यंत पोचावा. आणि आपणही फोनवर ‘मान्य आहे’ हे बटण दाबण्याआधी काय मान्य करतो आहोत ते एकदा वाचावे. मी हा लेख लिहिण्यापूर्वी कधी वाचले नव्हते, हे कबूल करतो.

मामांचे ते कापड त्याच पावसाळ्यात कुजून फाटले. त्यांनी ते काढून टाकले तेव्हा कोणी काही विचारले नाही. गेल्या उन्हाळ्यात गेलो तर पाटी पुन्हा बदललेली होती. आता तिच्यावर कोणत्याच कंपनीचे नाव नाही. मामांनी स्वतःचे आडनाव रंगवून घेतले आहे, आणि खाली लहान अक्षरांत लिहिले आहे, ‘बिघडल्यास येथेच दुरुस्त होईल’.