वंशावळ कोठे थांबवावी?

गेल्या वर्षी जातपडताळणीच्या अर्जासाठी मला घराण्याची वंशावळ लिहून द्यावी लागली. कोऱ्या कागदावर सर्वांत वर 'मूळ पुरुष' असे लिहिले आणि हात थांबला. वडील म्हणाले, आजीला विचार. आजी आजोबांचे नाव घेत नाही. ते मी लिहिले. सासऱ्याचे नाव तिने हळूच सांगितले. सासऱ्याच्या बापाचे नाव आठवायला तिला जरा वेळ लागला, आणि मग ती म्हणाली, "त्येच्या मागचं मला नाय ठावं, बाबू." माझ्यासकट पाच नावे झाली. पावस गावात आमचे घर किती पिढ्यांचे आहे कोण जाणे. कागदावर मात्र ते पाच नावांचे.

त्याच सुमारास इतिहासाच्या तासाला भोसले घराण्याच्या मूळाचा वाद निघाला. सर शिकवीत होते आणि मी मनात माझा कागद त्या वंशावळीशेजारी ठेवून पाहत होतो. हे धाडसच. परंतु त्यातून जे सुचले ते येथे मांडतो. यात कोणाही थोर पुरुषाचा अधिक्षेप नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

शिवछत्रपतींच्या घराण्याचा माग काढीत मागे गेले, तर शहाजीराजे आणि त्यांचे वडील मालोजीराजे येथपर्यंत पायाखालची जमीन घट्ट आहे. मालोजी आणि त्यांचे बंधू विठोजी निजामशाहीत सरदार होते. त्यांचे वडील बाबाजी. त्यांचे नाव पाटीलकीच्या संदर्भात येते. त्यांच्या मागे मात्र कागद विरळ होत जातात. महाराजांच्या हयातीत कवीन्द्र परमानन्दाने संस्कृतात 'शिवभारत' रचले. त्यात घराण्याची कथा मालोजींपासून सुरू होते. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ साली जिंजीला राजारामांसाठी बखर लिहिली, तीही मालोजी-विठोजींपासून. म्हणजे जे घराण्याला सर्वांत जवळचे होते, त्यांनी गोष्ट सांगताना आजोबांपासून आरंभ केला. उलट तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली जो प्रचंड मराठी शिलालेख कोरविला, त्यात मालोजींच्या मागे नावांची लांबच लांब रांग आहे. ती रांग आणि आपल्याकडील सिसोदियांपासून आलेल्या वंशावळी ताडून पाहिल्या, तर बाबाजींच्या मागची नावे जुळत नाहीत. काळ पुढे सरकत गेला तशी वंशावळ मागे वाढत गेली!

मग सिसोदिया कुळाची गोष्ट राज्याभिषेकासाठी १६७४ साली रचली गेली काय? असे बेधडक म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते मला पटत नाही. शहाजीराजांच्या पदरी असलेल्या जयराम पिंड्ये या कवीने 'राधामाधवविलासचंपू'त भोसल्यांचा संबंध राण्याच्या कुळाशी जोडलेला आहे, आणि शहाजीराजे तर १६६४ सालीच वारले. तेव्हा ही समजूत घराण्यात आधीपासून होती, गागाभट्टांनी ती आणली नाही. परंतु समजूत जुनी आहे हे सिद्ध झाले म्हणून ती खरी आहे हे सिद्ध होत नाही. येथे आपली गल्लत होते. मुधोळच्या घोरपडे घराण्याने बहामनी काळापासूनची फर्माने पुढे आणली, त्यांतून चितोडपर्यंतचा सांधा जुळतो असे वाटले. पण त्या फर्मानांच्या अस्सलपणाबद्दल इतिहासकारांनीच शंका घेतल्या. पुढे डॉ. रा. चिं. ढेरे यांनी शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवाचा शोध घेताना हाच धागा थेट दक्षिणेत होयसळांकडे नेला. एकाच घराण्याचे मूळ कोणी उत्तरेत दाखवितो, कोणी दक्षिणेत. याचा अर्थ मला एवढाच दिसतो की बाबाजींच्या वर एक जागा रिकामी आहे, आणि ती रिकामी ठेवणे कोणालाच सोसत नाही.

इंग्लंडातही याहून वेगळे घडलेले नाही. तेथील मध्ययुगीन सरदारांची कुळे आज इतकी नीट सांगता येतात, त्याचे कारण त्यांचे रक्त नव्हे, त्यांची जमीन. राजाकडून जमीन धरणारा सरदार वारला की राजाचा अधिकारी येई, स्थानिक पंचांना बसवी आणि त्यांच्याकडून शपथेवर वदवून घेई: मयताकडे जमीन किती, वारस कोण, वारसाचे वय काय. राजाला आपला हक्क वसूल करायचा होता. वंशावळ हे त्याचे पडून राहिलेले फळ. पुढे १५३० ते १६८८ या काळात राजाचे भाट म्हणावेत असे अधिकारी परगण्या-परगण्यांतून फिरून घराण्यांच्या वंशावळी नोंदवीत. त्या वेळी कित्येक धनिकांना आपण नॉर्मन वीराचे वंशज असल्याचा साक्षात्कार झाला. माणसे सगळीकडे सारखीच.

आपल्याकडेही वंशावळी जगल्या त्या भांडणांमुळे. वतनाचा तंटा गोतसभेपुढे गेला की उभयपक्षी करीने आणि तकरिरी लिहून द्यायच्या, बापजाद्यांची नावे सांगायची, महजर करून घ्यायचा. इंग्रजी अमलात १८५२ सालच्या इनाम कायद्याने वतनदारांना पुन्हा एकदा पेट्या उघडायला लावल्या. कारीच्या जेध्यांनी आपल्या घरचे कागद जपले. त्यांतील शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली, तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ ही शिवजन्माची तिथी होती, आणि तिच्यावरून पुढे शिवजन्माची तारीखच बदलली. एका घरच्या कागदाचे बळ एवढे असते. आमच्या घरी पेटी नव्हती. आमच्या घरच्यांनी भांडावे असे त्यांच्याकडे काही नव्हते.

हे मी तक्रारीच्या सुरात लिहीत नाही. तलाठी कार्यालयात जे पाहिले ते सांगतो. माझ्या पणजोबांचे नाव सरकारी कागदावर प्रथम येते ते फेरफारात, कूळ म्हणून. त्याआधी ते खोताचे कूळ होतेच, त्यांचे वडीलही होते. पण ते खोताच्या वहीत. ती वही आम्ही कोठे पाहायची? डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले, खोती नष्ट करणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडले, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कुळे जमिनीची मालक होऊ लागली. आमच्याकडे जमीन आली तेव्हा नाव आले. पणजोबा वारल्यावरच्या वारस फेरफारात त्यांची विधवा, मुलगे, मुली सगळे ओळीने हजर आहेत. इंग्लंडातील सरदाराच्या मृत्यूनंतरची ती चौकशी आणि आमच्या दोन कलमांच्या आंबेजमिनीचा हा फेरफार यांत जातीने काही फरक मला दिसला नाही. त्याच फेरफाराच्या पुढच्या नोंदीत मुलींनी हक्कसोड दिल्याचे लिहिले आहे. माझ्या आजोबांच्या बहिणींची नावे मला प्रथम तेथे कळली. ती हक्क सोडण्यापुरतीच कागदावर आली होती. छापील कुलवृत्तान्त पाहिले तर तेथेही बहुधा मुलींच्या नावापुढे फांदी संपते. ही खोड एकट्या गरिबांची नाही.

आता प्रश्न असा की त्या कागदावर 'मूळ पुरुष' म्हणून काय लिहायचे? माझ्या एका मित्राचे म्हणणे, ज्ञातीच्या स्मरणिकेत आपले कूळ सूर्यवंशापासून दिलेच आहे, दे जोडून. राजांनी जोडले, आपण का जोडू नये? मला त्याचा राग समजतो. ज्यांचे नाव कोणी लिहूनच ठेवले नाही, त्यांच्याकडे आता १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागायचा, हे न्यायाचे आहे असे म्हणताना जीभ अडखळते. आमच्यासाठी आजोबांची शाळेतली एक ओळ धावून आली. ते चौथीपर्यंत शिकले होते. ज्यांचे आजोबा शाळेतच गेले नाहीत त्यांनी काय करावे? पण म्हणून सूर्यवंशाचे ठिगळ मला लावायचे नाही. उसन्या नावांनी जागा भरली की त्या जागी खरोखर जो माणूस होता, खोताचा नांगर धरणारा, तो दुसऱ्यांदा पुसला जातो. पहिल्यांदा त्याला लिहिले नाही ते दुसऱ्यांनी. या वेळी पुसणारे आपण असू.

शिवाय म्हाळाला तरी आपण किती नावे घेतो? बाप, आजा, पणजा. तेवढ्यांवर पितर तृप्त होतात असे मानणाऱ्या समाजाला चाळीस पिढ्यांची हाव कधी सुटली, याचा कोणीतरी प्राध्यापकांनी शोध घ्यावा.

माझे मत विचाराल तर वंशावळ जेथे कागद किंवा साक्षीदार संपतो तेथे थांबवावी आणि वर एक कोरी चौकट काढून ठेवावी. राजाच्या घराण्यालाही, आमच्याही. पण ती चौकट काढण्यापूर्वी शोध पुरा झाला पाहिजे, आणि येथे आपले अडते. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा तालुक्या-तालुक्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. जी लिपी आपल्या पणजोबांच्या काळी कचेरीत रोज चालत होती, ती आज आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना अक्षरओळखीपुरतीही येत नाही. आपल्या महाविद्यालयात मोडीचा वर्ग आठवड्यातून एक तास जरी चालला, तरी मी पहिल्या बाकावर बसेन.

अर्जाचे पुढे काय झाले, तर प्रमाणपत्र मिळाले. आजीने सांगितलेल्या शेवटच्या नावापुढे मी 'माहितीप्रमाणे' असे लिहिले होते. खिडकीवरच्या कारकुनांनी ते वाचून मान वर केली, पण खोडले नाही. त्या नावाची मृत्यूची नोंद तालुक्याच्या जुन्या मोडी नोंदवहीत असण्याचा संभव आहे, असे त्यांनीच जाता जाता सांगितले. मे महिन्याच्या सुट्टीत ती पाहायला जायचे आहे. आजी म्हणते, सापडला तर तो कशानं मेला तेवढं बघून ये.